मागच्या सीटवरचा माणूस

घुग्घुसच्या गॅरेजात आमची जीप दुरुस्तीला होती, तेव्हा ती बाई दिसली. नाव काही मी विचारलं नाही. चाळिशीची असेल, गाडीची चावी गळ्यात लटकवलेली, अन् घडीघडी आपल्या व्हॅनच्या मागच्या कोपऱ्यावर तळहाताने जोर देऊन पाहायची.

मिस्त्री सांगत होता, "ताई, तुमी गाडी पळवता. कॉइलओव्हर टाका. शॉकअपवरच कडक स्प्रिंग असते, वळणावर गाडी झुकत नाई. एअर सस्पेन्शनमध्ये हवेचे फुगे असतेत. बसाले मऊ, पण वळणावर तशी मजा नाई."

वळणाचं ऐकून तिचे डोळे चमकले. पण तिने व्हॅनचं मागचं दार उघडलं. आत तिचा नवरा कंबरदुखीचा पट्टा बांधून बसला होता.

"तुमाले कोणतं पायजे?"

"तुले पळवाले आवडते ना? कडकच घे."

"पळवाची मजा मले, अन् हादरे तुमाले?" ती म्हणाली, अन् मिस्त्रीकडे वळली. "हवेचंच टाका, भाऊ."

खरं सांगू? मी जळली. तिच्यावर नाही हो, त्या पट्टेवाल्या माणसावर. तीस वर्षं आमच्या ह्यांच्या मागे बसून मी हाडं खिळखिळी करून घेतली, पण ह्यांनी एकदाही मान वळवून विचारलं नाही.

परतताना चामोर्शी येईपर्यंत मी ह्यांच्याशी एक शब्द बोलली नाही. ह्यांना वाटलं, झोपली.