बकरीची माफी

सेनगावजवळच्या आमच्या गावात शेतीतलं काही अडलं की लोक मला विचारायला येतात. त्याची मला जरा मिजासच होती, खोटं कशाला बोलू! ती माझ्या सात वर्षांच्या लेकीनं उतरवली.

पोरगी शाळेतून आली की मोबाईल घेऊन कोपऱ्यात बसायची. मी ओरडायचो, "अगं, जरा बाहेर खेळ की!" एक दिवस बायको माझ्यावरच उखडली. "काहून जाईल ती बाहेर? अंगणात फवारणीचे डबे, काचा, काट्यांचा ढीग. आधी ते उचला, मंग बोला." बोलणं बराबर होतं. डबे कुलपात ठेवले, काचा वेचल्या, हौदावर जाळी टाकली. भिंतीलगतची दोन हात जागा लेकीला खुरपून दिली. तिनं तिथं गेल्या दसऱ्याच्या तोरणातला वाळका झेंडू चुरून टाकला. मला सांगितलंही होतं, पण मी सोयाबीनच्या पेरणीच्या घाईत होतो, "हां, हां" म्हटलं आणि विसरलो.

रोपं वर आली तशी पोरगी मोबाईल विसरली. शेजारच्या काकूंची बकरी तिची जिवाची मैत्रीण. मी शेतात असताना तिला दुरून रोपं दाखवायची आणि दम द्यायची, "तोंड लावायचं न्हाई हं!"

एका सकाळी ती शाळेत गेल्यावर माझी नजर भिंतीकडे गेली. कातरलेल्या पानांची इवली इवली रोपं. गाजरगवत! लेकराच्या अंगाला खाज सुटेल म्हणून खुरपं घेतलं आणि मुळासकट सगळं साफ केलं. बायको धुणं वाळत घालायला आली आणि तिनं कपाळावर हात मारला.

"अहो, झेंडू उपटला तुमी! म्हणे मोठे शेतकरी!"

संध्याकाळी लेक दप्तरासकट वाफ्याकडे पळाली आणि तिथंच थांबली. "बाबा, माझी झाडं?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "बकरीनं खाल्ली वाटतं."

तीन दिवस ती अंगणात फिरकली नाही. परत तो कोपरा, परत तो मोबाईल. बकरी दारात येऊन ओरडली की ही आतूनच, "हाड! कट्टी तुझ्याशी." बिचारं जनावर तरी दारातच उभं राहायचं. मला जेवण गोड लागेना. पोरगी आता कायमचीच आत बसते की काय, या भीतीनं जीव अर्धा झाला. बायको माझ्याकडे नुसती बघायची. त्याची तकलीफ निराळीच.

चौथ्या दिवशी मी सांगून टाकलं. "बाई, बकरीनं न्हाई, मी उपटली झाडं. गाजरगवत वाटलं मला."

ती उठली, माझा हात धरून मला शेजारच्या दावणीपाशी घेऊन गेली. "तिची माफी मागा. तुमच्यामुळं मी तिला हाड केलं."

काकू बघून राहिल्या होत्या, गल्लीतली दोन माणसंही थांबली. मी बकरीपुढं हात जोडले. "माफ कर गं माय." सगळे खदाखदा हसले. मीही हसलो. सुटलो एकदाचा, असं वाटलं.

लेक मात्र हसली नाही. माझ्याकडे बघत म्हणाली, "आन् माझी?"

मी खाली बसलो. घरात आजवर कोणाला म्हटलं नव्हतं, ते तिला म्हटलं. "चुकलं माझं."

तिनं डोळे पुसले. "बरं. घरी चला. आईकडं तोरणातली अजून फुलं हायेत."