बयनाबाईंच्या जागेवर माईक

सुपातली अर्धी ज्वारी निवडून झाली होती, अर्धी खड्यांसकट तशीच पडली होती, आणि बयनाबाईंना हात हलवायची बंदी झाली. समोर त्यांचे यजमान देवाजी गिटार रेकॉर्ड करायला बसले होते. सूप सळसळलं तरी माईकमध्ये येतं, म्हणाले. पंखा बंद, कोंबड्या परसात हाकललेल्या, मांडणीतल्या ताटल्या तारांबरोबर झणझणतात म्हणून त्यांच्यात टॉवेल कोंबलेला. एवढा बंदोबस्त भीमपुरात निवडणुकीलाही नसतो.

देवाजी मंडल कार्यालयातून कारकून म्हणून निवृत्त झाले. पुढे तीन महिन्यांनी मुलानं, धम्मदीपनं, मंचेरियलहून आपली जुनी गिटार त्यांना आणून दिली. दोन वर्षांत बुद्धवंदनेची चाल ते खरोखर छान वाजवायला लागले. गेल्या बुद्धपौर्णिमेला ती घरीच रेकॉर्ड करून त्यांनी विहाराच्या भोंग्यावर लावायला दिली. भोंग्यातून निघालं नुसतं घुम्म घुम्म. गिरणीवाले अमृतराव सगळ्यांदेखत म्हणाले, "मायी गिरणी तं आज बंद हाय. मंग हे कोन दळून राह्यलं?"

तो टोमणा देवाजींना जिव्हारी लागला. उद्या पुन्हा बुद्धपौर्णिमा; चार वाजेपर्यंत रेकॉर्डिंग विहाराच्या समितीला पाठवायचं होतं. यंदाही घुमलं तर गिटार धम्मदीपला परत, असं त्यांनी जाहीर केलं होतं.

या जाहीरनाम्याचा धसका घेतला तो बयनाबाईंनी. गिटार यायच्या आधीचे ते तीन महिने त्या विसरल्या नव्हत्या. जन्मात कधी चहासुद्धा न केलेला माणूस शेगडीशेजारी खुर्ची टाकून बसे आणि डाळीला फोडणी कशी द्यावी ते सांगे. रोज सकाळी बुद्धांपुढे मेणबत्ती लावताना त्या सगळ्यांचं मंगल मागत. अलीकडे त्यात गिटारीचंही मागत होत्या.

सव्वातीन झाले. सहावा प्रयत्नही घुमला. देवाजींनी वहीत लिहिलं, 'प्रयत्न सहावा : नामंजूर.'

जयंतीच्या सभेत प्रमुख पाहुण्यासमोर ठेवतात तसा त्यांनी माईक मांडला होता. गिटारीच्या गोल भोकासमोर, चार बोटांवर. तोंड तिथंच आहे तर माईकही तिथंच पाहिजे, हे तीस वर्षं सभांचे माईक लावलेल्या माणसाला कोण शिकवणार?

"मले तं रोज इथून चांगलं आयकू येते," बयनाबाई म्हणाल्या. "कदीच घुमत नाई."

त्या बसल्या होत्या दाराशी, देवाजींच्या डाव्या हाताला, गिटारीची दांडी जिकडे जाते त्या बाजूला. देवाजींनी एकदा त्यांच्याकडे, एकदा माईककडे पाहिलं. मग माईक उचलला आणि त्यांच्या पाटाजवळ आले.

"म्हंजे मले उठवून याले बसवता?"

"तूच म्हनली ना."

सूप काखेत मारून त्या उठल्या. पाटावर माईक बसला. सातव्या प्रयत्नात गिटार गोड आली, पण तिच्यासोबत रस्त्यावरची मोटारसायकल आणि शेजारची शेळीही आली. देवाजींचं पेन 'ना' लिहून थांबलं, कारण बयनाबाईंनी माईक उचलला होता. बाजू न बदलता त्या तो सरळ गिटारीकडे नेत गेल्या आणि दांडी जिथं खोक्याला जुळते तिथून दीड वितीवर ठेवला.

"दिशा मायी राहू द्या, अंतर कमी करा; पन भोकापुढं नको," त्या म्हणाल्या. "फोडनीचा वास घ्याले कोनी कढईत नाक घालते काय?"

आठव्यांदा देवाजी वाजवत असताना त्या भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. इतक्या वर्षांत दिवसाउजेडी त्यांचे हात असे रिकामे राहिले नसतील. वाजवून झाल्यावर देवाजींनी ऐकलं आणि हेडफोन त्यांच्या कानांना लावला. एकेक तार वेगळी, स्वच्छ. फक्त अगदी शेवटी कुठंतरी एक बांगडी किणकिणली होती.

बयनाबाई ओशाळल्या. पुन्हा करा म्हणाल्या.

"राहू दे," देवाजी वहीत 'मंजूर' लिहीत म्हणाले. "हजेरी लागली तुयी."

चाराला दहा कमी असताना रेकॉर्डिंग समितीकडे गेलं. बयनाबाईंनी पाट परत दाराशी ओढला, उरलेली ज्वारी निवडली, डब्यात भरली आणि दळण घेऊन अमृतरावांच्या गिरणीकडे निघाल्या.