पाण्यातल्या स्कूटरची चोरी

नोकरीतली बरीचशी प्रकरणं आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. सायकल कोणाची, मंगळसूत्र कोणाचं, साल कोणतं, नीट सांगता येत नाही. पण पाण्यातल्या स्कूटरची चोरी परवा घडल्यासारखी लख्ख दिसते. दसरा जवळ आला की जास्तच.

मी झाडीपट्टीतला, गोंदियाकडचा. सातवीनंतर शाळा सुटली. भरतीसाठी म्हणून पुण्याला आलो तो इथलाच झालो. शिपायापासून सहायक फौजदारापर्यंत पोहोचलो, पोरांची शिक्षणं झाली, डोक्यावर छप्पर आलं. खात्याचे आणि या शहराचे उपकार मी विसरत नाही. पण सातवीची धास्ती शेवटपर्यंत गेली नाही. आपल्या हातून काही चुकेल, पंचनाम्यात काही राहून जाईल, असं सारखं वाटायचं. त्यामुळे मी एक गोष्ट पुन्हा पुन्हा विचारत असे. लोक वैतागायचे. वैतागोत बापडे.

तेव्हा हिंजवडीत काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या. आमची हद्द शहराच्या पश्चिम टोकाला, आणि तिच्या शेवटाला धरणाचं पाणी. ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांतल्या काहींनी हॉटेलं काढली, काहींनी इमारती बांधल्या. एका तरुण शेतकऱ्याने धरणाच्या काठावर बोटिंगचा क्लब काढला होता. नवरात्रातल्या एका सकाळी तोच ठाण्यात आला.

"साहेब, माझी जेटस्की चोरीला गेली."

मी विचारलं, "ती काय असते?"

"पाण्यातली स्कूटर समजा. माझ्याकडं पाच होत्या. चार बसून चालवायच्या, नव्या. एक जुनी, उभ्यानं चालवायची. ती गेली."

आमचे इन्स्पेक्टर, म्हणजे मोठे साहेब, पक्के पुणेकर. चहाचा कप खाली ठेवत म्हणाले, "नव्या चार सोडून खटारा नेला? चोर फारच सज्जन दिसतो."

"चोराला अक्कल होती साहेब. म्हणून तर कोणी नेली ते मला ठाऊक हाय."

मग त्याने सांगितलं. हिंजवडीच्या कंपनीतला एक इंजिनिअर ती जुनी मशीन विकत घ्यायला दोन-तीनदा येऊन गेला होता. त्याला पाण्यावर कसरती करायच्या होत्या. मशीनसकट हवेत उडायचं, कोलांटी घ्यायची आणि परत पाण्यात उतरायचं. त्याला उभ्याने चालवायची हलकी मशीनच लागते, बसायची चालत नाही. इंजिनिअरने ती उलटीपालटी करून बघितली, नावं ठेवली आणि व्यवहार मोडला. त्यानंतर आठवडाभरात मशीन नाहीशी झाली.

मी जागेवर जाऊन पंचनामा केला. कुलूप तुटलेलं नव्हतं. किल्ली तिकिटाच्या खोपट्यात खिळ्याला टांगलेली असायची आणि ते येणाऱ्याजाणाऱ्याला माहीत होतं. काढलेली साखळी मात्र कोणीतरी बैलाचं दावं गुंडाळावं तशी नीट वेटोळं करून खांबाशी ठेवली होती. मी तेही पंचनाम्यात लिहिलं. साहेब वाचून म्हणाले, "साखळीचं सौंदर्यवर्णन पुरे. चोर शोधा."

खबर कोथरूडहून आली. एका सोसायटीबाहेर चहाची टपरी चालवणारा आमचा माणूस होता. तो म्हणाला, "आतल्या पार्किंगमध्ये ताडपत्रीखाली बोटीसारखं काहीतरी झाकून ठेवलंय." इंजिनिअर भाड्याने राहत होता तीच ती सोसायटी.

आम्ही क्लबमालकाला घेऊन गेलो तेव्हा घरमालकच खाली आले. हातात पेपर, डोळ्यांवर चष्मा.

"हे तुमच्या भाडेकरूचं का?" मी विचारलं.

"माझं असतं तर मी ते धरणात ठेवलं असतं. पार्किंगमध्ये बोट लावणारा हा पुण्यातला पहिलाच."

"मुलगा कसा आहे?"

"बोलत नाही, गाणी लावत नाही, मित्र आणत नाही. आतापर्यंत मला तो चांगला वाटत होता. आता तुम्ही आलात."

ताडपत्री काढली. उभ्यानेच चालवायची जेटस्की होती. क्लबमालकाने दोनदा फेरी मारून पाहिली आणि मान हलवली. "वरचं अंग माझं न्हाय. पण इंजिन माझं काढून यात बसवलं असंल." इंजिनावरचा नंबर वाचायला गेलो तर पत्रा गंजून सपाट झालेला. क्लबमालकाच्या कागदांवरही इंजिनाचा नंबर नव्हता. म्हणजे इंजिन त्याचं आहे असं सिद्ध होत नव्हतं, नाही असंही नाही.

इंजिनिअरला ठाण्यात बोलावलं. पंचविशीचा, सडपातळ, जाड चष्म्याचा पोरगा. गळ्यात कंपनीचं ओळखपत्र तसंच लटकत होतं. तोंड उघडलं तसं मला कळलं की हा आमच्या बाजूचा, चंद्रपूरकडचा.

त्यालाही कळलं. "तुम्ही तिकडचेच का जी?"

मी उत्तर दिलं नाही. आपल्या मुलखाचा म्हणून मन झुकायला नको, ही भीती होती. पण त्याचं काय पणाला लागलं होतं ते लवकरच समजलं. कंपनी त्याला परदेशी पाठवणार होती. व्हिसा झाला होता, दसऱ्यानंतर विमान होतं. वडील खाणीत कामाला, घरात कॉलेज पाहिलेला हा पहिलाच. अटकेची नोंद झाली असती तर परदेश राहिलाच, पण कंपनीच्या दारातही कोणी उभं केलं नसतं. आणि मोठे साहेब म्हणाले होते, "उद्याची खंडेनवमी होऊ दे. परवा अटक दाखवू."

मी त्याला खुर्ची दिली, चहा मागवला आणि म्हटलं, "मला या मशीनमधलं काही कळत नाही. तू ती कशी निवडतोस ते पहिल्यापासून सांग."

तो जरा चक्रावला, पण सांगू लागला. जुनी मशीन घेताना रंग बघायचा नाही. इंजिनाच्या दोन्ही सिलिंडरमध्ये दाब सारखा आहे का, ते मीटर लावून बघायचं. पाणी मागे फेकणाऱ्या पंख्याची पाती झिजलीत का बघायचं. समुद्रात वापरलेली असेल तर गंज किती आत गेलाय ते बघायचं. त्याची स्वतःची मशीन कोकणातून रोखीने, पावतीशिवाय आणलेली, म्हणून नंबराचा पत्रा खाऱ्या पाण्याने गेलेला. आतून मात्र सुदृढ.

"आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तळ," तो म्हणाला. "सगळा तळ बोटांनी ठोकत जायचा. चांगला फायबर टणक वाजतो. भेग बुजवलेली असली की आवाज बसतो."

"मग क्लबवाल्याची कशी वाजली?"

"साहेब, तिचा पुढचा जोड गेलेला होता. उभ्या माणसाच्या हातात जो लांब दांडा असतो तो जिथे बसतो, तिथेच भेग. वरून पुट्टी भरून रंग मारलेला. ती हवेत उडवून खाली आपटली की दांडा सुटून सरळ तोंडावर येणार. म्हणून तर मी घेतली नाही." तो थांबला, मग एकदम म्हणाला, "जी मशीन मला फुकट नको होती, ती मी चोरीन कशाला?"

मी लिहायचा थांबलो. चोर दारू पिऊन बोलेल, रडेल, देवाची शपथ घेईल, पण मालाला आतून अशी नावं ठेवणार नाही. तरी साहेबांना नुसतं असं सांगून चाललं नसतं. मी सवयीप्रमाणे पुन्हा पहिल्यापासून विचारलं. या खेपेला विचारलं, "हे तू क्लबवाल्याला सांगितलंस, तेव्हा तिथे आणखी कोण होतं?"

"त्याचे वडील होते. कट्ट्यावर तंबाखू मळत बसले होते. क्लबवाला तर हसला. म्हणाला, 'तू भितोस, मी न्हाय. दसऱ्याला गर्दी असती, मीच उडवून दाखवतो.' आजोबा मात्र नीट ऐकत होते. मला विचारलं, 'म्हंजे मरंल का मानूस?' मी म्हटलं, 'मरणार नाही कदाचित, पण मान मोडू शकते.'"

मी त्याला घरी पाठवलं, रोज हजेरी लावायला सांगितलं आणि मोठ्या साहेबांकडे गेलो. म्हणालो, "मला उद्याचा एक दिवस द्या. म्हाताऱ्याचा जबाब राहिलाय."

साहेबांनी माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं. "तुमचं काहीतरी राहिलेलंच असतं. जा."

त्या होकारासाठी मी त्यांचा आजही ऋणी आहे.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. सकाळी ठाण्यात शस्त्रपूजा झाली. रायफली पुसून ओळीने मांडल्या, हळदकुंकू वाहिलं, जीपला झेंडूची माळ घातली. पूजेला बसलेला हवालदार वॉकीटॉकीवरही फूल ठेवायला विसरला नाही. त्याच जीपमधून मी धरणाकडे निघालो. क्लबमालक बाजारात गेला होता. घर क्लबपासून हाकेच्या अंतरावर. म्हातारे बाबा अंगणातच भेटले. स्वच्छ धोतर, कपाळाला कुंकू.

"या. आज सनाचं आलात, च्या घ्या."

अंगणात ट्रॅक्टर माळ घालून उभा. नांगर, कुळव, कोयते, विळे, पाण्याचा पंप, सगळ्यांना हळदीकुंकवाची बोटं. क्लबच्या चारही नव्या मशीन आणून ओळीने लावलेल्या, त्यांनाही झेंडू. बाबांच्या घरात ज्या ज्या वस्तूने काम केलं होतं, त्या त्या वस्तूला त्या दिवशी फूल मिळालं होतं.

चहा येईपर्यंत मी गोठ्यात डोकावलो. उगाच नाही, मला सगळं बघायची खोड. बैल नव्हतेच आता. कोपऱ्यात गेल्या साली झोडलेल्या भाताच्या पेंढ्याचा मोठा ढीग होता. आणि ढिगापुढे शेणाने सारवलेल्या चौकोनावर हळद होती, कुंकू होतं, फोडलेला नारळ होता आणि झेंडूची दोन ताजी फुलं.

मी पाहतच राहिलो. आमच्याकडेही खंडेनवमी करतात. अवजारांची करतात, गाड्यांची करतात. पेंढ्याला नारळ फोडलेला मी जन्मात पाहिला नव्हता.

मागे वळलो तर बाबा दारात उभे.

"बाबा," मी म्हटलं, "पेंढ्याखाली काय हाय?"

ते तिथेच उंबऱ्यावर खाली बसले.  

"म्या म्हनलं, लपवली तर लपवली, पन सनाचं तिला तसंच ठेवायचं म्हंजे बरं न्हाय. आपल्या दारचीच हाय ती."

पेंढा बाजूला केला. जुनी जेटस्की चाकांच्या गाडीवर होती तशीच. चोरी झाली त्या पहाटे बाबांनी ती एकट्याने ढकलत आणली होती. मी पुढचा जोड बोटांनी ठोकून पाहिला. आवाज खरोखरच बसका आला.

"पोराला सांगून बघितलं नाही?"

"लई सांगितलं. म्हनतो, तुम्हाला काय कळतंय आबा. त्यो चष्मेवाला सायेब येवढं ठोकून सांगून गेला, त्याला कळत हुतं का न्हाय? पोराचं काय, उडवली असती अन् मान मोडून घेतली असती. मशीनच दिसली न्हाय तर उडवणार कशी? पोलीस चार दिस हुडकतील अन् जातील."

"बाबा, पोलिसांनी त्या चष्मेवाल्यालाच धरलाय."

ही गोष्ट त्यांना माहीतच नव्हती. पोराने घरात सांगितली नव्हती. बाबांच्या हातातली तंबाखू तशीच राहिली.

"ज्यानं माझ्या पोराचा जीव वाचवला त्याला?"

ते उठले, खुंटीवरची टोपी घातली आणि चहा न घेता थेट जीपमध्ये जाऊन बसले. मला म्हणाले, "चला. सनाचा दिस हाय, त्याचं बी पोटपानी हाय."

ठाण्यात हजेरीसाठी आलेला इंजिनिअर बाकावर बसलेला होता. बाबा सरळ त्याच्यासमोर गेले आणि हात जोडले. तो गडबडून उठला आणि वाकून त्यांच्या पाया पडला. कोणी कोणाची माफी मागायची हेच त्या दोघांना कळेना. मोठ्या साहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि मला म्हणाले, "आता साखळीचं वर्णनही ठेवा कागदात. शोभेल." मग क्लबमालकाला बोलावून घेतलं. तो आला तो रागाने लाल होऊन. "आबा, सगळ्या गावात माझी शोभा केलीत!" बाबा शांतपणे म्हणाले, "शोभा झाली तर झाली. तू हाईस नव्हं?"  क्लबमालक थोड्या वेळाने इंजिनिअरच्या शेजारी जाऊन बसला आणि त्याने हळूच विचारलं, "खरंच सुटला असता का दांडा?"

चोरी झालीच नव्हती. गैरसमजातून गुन्हा दाखल झाला असा अहवाल, म्हणजे आमच्या भाषेत 'क' समरी, कोर्टात पाठवला. इंजिनिअरच्या नावावर कसलीच नोंद राहिली नाही आणि त्याचं विमान त्याला मिळालं. जाण्यापूर्वी पेढे घेऊन आला तेव्हा बोलला, "तुम्ही पुन्हा पुन्हा विचारलंत म्हणून वाचलो जी." तेव्हा मात्र मी म्हटलं, "हो रे बाबू, मी तिकडचाच."

चोरी म्हटलं की वस्तू कोणाला हवी होती हे आम्ही शोधतो. शिकवलंच तसं जातं. त्या प्रकरणापासून मी दुसरंही विचारू लागलो, की ती वस्तू तिथे असलेली कोणाला नको होती. पुढे कितीतरी घरगुती भानगडींत याच प्रश्नाने वाट दाखवली आणि बहुतेक वेळा त्या वाटेच्या टोकाला चोर नव्हे, काळजीने झोप उडालेलं कोणीतरी भेटलं.

त्या दिवशी बाबांना जीपने घरी सोडायला निघालो. इंजिनिअर फाटकापर्यंत आला. बाबांनी जीपमधून डोकं बाहेर काढलं.

"तुझी मशीन ठोकून घेतलीस नव्हं?"

"घेतली आजोबा. सगळीकडून."

"मग बरं," बाबा म्हणाले. "तरी पन लई उंच उडू नको."