दार उचलून लावायची गाडी

मुलुंडच्या आमच्या सोसायटीत बाबांची ख्याती होती ती बायकोसाठी गाडीचं दार लावणारा पुरुष म्हणून. आई पुढच्या सीटवर बसायची, पदर आत घ्यायची आणि हात मांडीवर ठेवून समोर बघत राहायची. मग बाबा गाडीला वळसा घालून यायचे, किंचित वाकायचे आणि दोन्ही हातांनी दार लावायचे. गॅलरीतून बघणाऱ्या बायका आपापल्या नवऱ्यांना म्हणायच्या, "बघा, शिका जरा काहीतरी." नवरे बाबांकडे जळजळीत नजरेने बघायचे. आता बाबा नाहीत आणि सोसायटीही पाडायला निघाली आहे, तेव्हा खरं सांगून टाकायला हरकत नाही: ते दार बाबांशिवाय कुणाच्यानेच लागत नव्हतं.

याचं मूळही बाबांचंच. गाडी आली तेव्हा चार दारांची, सरळमार्गी होती. बाबांनी कुठल्याशा मासिकात दोन दारांच्या गाडीचं चित्र पाहिलं आणि घरात कुणालाही न विचारता घाटकोपरच्या एका गॅरेजात नेऊन आमच्या गाडीचीही दोन दारं करून आणली. मधला खांब मागे सरकवला, मागची दारं कायमची बंद केली आणि पुढच्या दारांना भंगारातल्या दुसऱ्या दाराचा तुकडा जोडून ती लांब केली. दिसायला झकास! पण एवढं लांब, जड दार पेलायला बिजागऱ्या मात्र त्याच, जुन्या छोट्या दाराच्या. म्हणजे फुलदाणीच्या टेबलावर गॅस सिलिंडर ठेवल्यासारखं. काही वर्षांतच बिजागरीच्या पिना झिजल्या, पिनांची भोकं लांबट झाली आणि दाराचं शेपूट खाली लोंबायला लागलं.

मग ते लावायची एक रीत तयार झाली. हँडलखाली हात घालून दार उचलायचं, उचललेलं ठेवून ढकलायचं आणि शेवटी कमरेने एक धक्का द्यायचा. बाबांचं ते किंचित वाकणं म्हणजे हे उचलणं होतं. कमरेचा धक्का ते इतका सफाईने द्यायचे की गॅलरीतून नृत्यासारखा दिसायचा.

बॉनेटचीही तीच गत. त्याच्या बिजागऱ्या इतक्या सैल, की खड्ड्यात गाडी गेली की बॉनेट थडथड उडायचं. बाबांनी आपल्या पँटचा चामड्याचा पट्टा बॉनेटवरून घेऊन बकल लावून टाकला. लोकांना वाटलं परदेशी फॅशन आहे. एका तरुणाने तर तसाच पट्टा कुठे मिळेल म्हणून विचारलं. बाबांनी गंभीर चेहऱ्याने सांगितलं, "मागवावा लागतो."

बाबा गेल्यावर हा सगळा संसार माझ्याकडे आला. उचलणं मी शिकलो, पण आई माझ्या हातचं दार लावून घ्यायला तयार होईना. पहिल्याच खेपेला मी कमरेचा धक्का विसरलो आणि जोगेश्वरी-विक्रोळी रस्त्यावरच्या एका वळणावर दार अलगद उघडलं. आईने सीटबेल्ट लावला होता, ती सुखरूप होती, पण मांडीवरचा ओल्या नारळाच्या करंज्यांचा डबा रस्त्यावर गेला. ती बोरिवलीला मावशीकडे रिकाम्या हाताने पोचली आणि येताना रिक्षाने आली. तेव्हापासून तिने त्या सीटवर पाय ठेवला नाही. "मला कुणीतरी बाहेरून झाकण लावल्यासारखं बंद करायचं, ते नको. मी काय लोणचं आहे?"

मग सोसायटीच्या पुनर्विकासाचं ठरलं. आम्हाला भाड्याच्या जागेत जायचं होतं आणि तिथे गाडी उभी करायला एकच जागा होती. बायकोची रोजची, शहाणी, पांढरी गाडी आहेच. तिने जेवताना निकाल जाहीर केला.

"जुनी येऊ दे. नवी मी खाली रस्त्यावर लावीन. पण एक अट. आईंनी स्वतः दार उघडायचं, बसायचं, स्वतः लावायचं. एका हाताने. कुणी उचलायचं नाही, कुणी ढकलायचं नाही."

"आणि नाही जमलं तर?"

"तर भंगारवाल्याला फोन मी करते. तुला त्रास नको."

आई वरण वाढून घेत म्हणाली, "मी परीक्षेला बसायला तयार आहे. दाराचं मला सांगता येत नाही."

मी गाडी घेऊन घाटकोपरला गेलो. बाबांचा तो गॅरेजवाला केव्हाच गेला होता, पण त्याच गल्लीत एक डेंटिंगवाला भेटला. मूळचा मालवणचा, आवाज शेतात हाक मारायचा, आणि नाटकीपणात माझ्या तोडीस तोड. हे मी सहसा कुणाला म्हणत नाही. त्याने दार उघडलं, दार खाली लोंबलं, आणि त्याने कपाळावर हात मारून अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं विचारलं, "ह्यां कोणाचां डोक्यां?"

"वडिलांचं."

"मगे मी कायएक बोलूचंय नाय," असं म्हणून तो पुढे बराच वेळ बोलला.

बिजागऱ्या काढून त्याने माझ्या हातावर ठेवल्या. पिना मधोमध झिजून उसाच्या चघळलेल्या कांड्यांसारख्या झाल्या होत्या. भोकं मोठी करून त्यात पितळी बुश, म्हणजे पिनेभोवती बसणाऱ्या छोट्या नळ्या, बसवायचे आणि जाड पिना घालायच्या, असं ठरलं. लेथवरून नवे बुश आले, दार चढलं, आणि ते आपल्या मूळ जागी इतकं ताठ उभं राहिलं की मला भरून आलं. शेपूट वर! लोंबणं गायब! मी एका हाताने ढकललं. दार गेलं, खांबावर आपटलं आणि परत माझ्या गुडघ्यावर आलं.

झालं होतं असं, की दार जसजसं खाली लोंबत गेलं तसतसा बाबांनी खांबावरचा खटका, ज्यात दाराचं कुलूप अडकतं तो, खाली सरकवत नेला होता. आता दार वर आणि खटका खाली. डेंटिंगवाल्याने खटका वर घेतला. तेव्हा कळलं की बाबांनी कुलपाची जीभही कानशीने घासून तिरकी केली होती. जीभ बदलली. मग काच चौकटीच्या रबराला अडायला लागली, कारण लोंबत्या दाराच्या वर पडलेली फट बुजावी म्हणून बाबांनी वरच्या बाजूला दुप्पट जाड रबर चिकटवलं होतं. प्रत्येक चूक दुसऱ्या चुकीच्या खांद्यावर डोकं ठेवून वर्षानुवर्षं सुखाने झोपली होती, आणि आम्ही एकीला बरं केलं की दुसरी जागी होऊन बोंब मारत होती. बाबा जिवंत असते तर मी त्यांना तिथे आणून उभं केलं असतं. ते नव्हते, म्हणून मी आकाशाकडे बघून दोन-तीन शब्द बोललो. डेंटिंगवाला म्हणाला, "जोरान बोला. तेंका आयकाक येव्क व्हया."

शेवटी दार लागलं. एका हाताने! आम्ही दोघांनी चहा घेतला, एकमेकांच्या पाठी थोपटल्या, आणि त्याने जॅक खाली घेऊन गाडी चाकांवर उतरवली.

दार लागेना.

"जमीन वाकडी आसा," तो ताबडतोब म्हणाला.

"जमीन इतका वेळ सरळ होती?"

"तुमची गाडी तिका वाकडी करता."

खरं कारण त्यालाही कळलं होतं, पण कबूल करायला त्याला एक आख्खा दिवस लागला. मधला खांब कापून मागे नेलेली ती गाडी मधोमध लेचीपेची झाली होती. जॅकवर ती एक आकार घेई, चाकांवर दुसरा. दारं बसवायची तर गाडी स्वतःच्या पायांवर उभी असताना बसवायला हवी होती. म्हणजे सगळ्या फटी पुन्हा जुळवणं आलं. तेवढ्यात बॉनेटचं काम सरळ, विनातक्रार झालं; नव्या पिना घातल्या आणि ते घट्ट बसलं. मी बाबांचा पट्टा सोडवून गुंडाळून मागच्या सीटवर ठेवला.

इकडे आमच्याकडे खोकी भरायला सुरुवात झाली होती. बायको रोज संध्याकाळी विचारायची, "लागलं?" या एका शब्दात ती किती अर्थ भरू शकते, हे लग्न झालेल्यांना सांगायला नको.

अखेर डेंटिंगवाल्याचा फोन आला. चाकांवर उभ्या गाडीची दारं लागत होती. मी धावत गेलो. त्याने माझ्यासमोर दोन बोटांनी दार ढकललं, 'खट्' असा छोटा आवाज झाला आणि त्याने मला मुजरा केला. मी म्हटलं, आता मी. मी हँडलखाली हात घातला, दार उचललं आणि ढकललं. वरची कड चौकटीला घासून ताजा रंग उडाला.

तो किंचाळला, "उचलतास कित्याक?"

हात आपोआप गेला होता. पुन्हा लावून बघितलं, पुन्हा उचललं. त्याने माझं मनगट धरून ठेवलं, तर माझी कंबर पुढे आली.

आता खरी भीती वाटली. कारण आईनेही ते दार कितीतरी वर्षं तसंच लावताना पाहिलं होतं, आतून ते कसं उचलून ओढायचं हे बाबांनी तिलाही शिकवलं होतं, जमलं कधीच नाही ते वेगळं. ती उचलणार. रंग खरवडणार, दार अडणार आणि भंगारवाला येणार.

परीक्षेच्या दिवशी सकाळी सामानाचा टेम्पो फाटकाशी उभा होता. गॅलऱ्यांतून जुने प्रेक्षक जमले होते. मी आईच्या कानाशी लागलो, "आई, दार उचलायचं नाही हं. नुसतं ओढ."

बायको म्हणाली, "परीक्षार्थींशी बोलायचं नाही."

आईने दार उघडलं. गुडघा सांभाळत बसली. पदर आत घेतला. आणि हात मांडीवर ठेवून समोर बघत राहिली.

आम्ही थांबलो. टेम्पोवाल्याने हॉर्न दिला.

"आई, दार," बायको म्हणाली.

"हो, लावते ना. घाई कसली?" पण हात हलेना. ती समोरच बघत होती. वरच्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, "अहो वहिनी, लागत नाही वाटतं!"

मग आईने डावा हात पुढे केला, दाराच्या आतल्या पट्टीला धरलं आणि सरळ ओढलं. उचललं नाही. 'खट्.' तिने पुन्हा उघडलं, पुन्हा लावलं. 'खट्.' काच खाली घेऊन ती म्हणाली, "एवढं सोपं होतं होय! आणि तुझ्या बाबांनी मला सगळा जन्म बसवून ठेवलं." तिचा आवाज रागाचा होता. डोळे तसे नव्हते, पण मी त्यात पडलो नाही.

बायकोने माझ्याकडे बघितलं. "येऊ दे," ती म्हणाली आणि आपल्या पांढऱ्या गाडीची किल्ली घेऊन निघाली. मी आनंदाने डेंटिंगवाल्याला फोन केला. तो म्हणाला, "माका म्हाईतच होतां." असं त्याला काहीही माहीत नव्हतं.

नव्या जागी रस्त्यावर गाडी लावायला बायकोला रोज संध्याकाळी तीन गल्ल्या फिराव्या लागतात, आणि त्याबद्दल ती रोज संध्याकाळी बोलते. मी ऐकून घेतो. महिन्यातून एकदा आई आणि मी बोरिवलीला जातो. आई दार उघडते, बसते, पदर आत घेते, आणि हात मांडीवर ठेवून समोर बघत राहते.

"आई, लाव ना. एका बोटाने लागतं. त्यासाठी मी घाटकोपरला किती खेटे घातलेत!"

"मला लावता येतं, हे सगळ्यांनी बघितलंय," ती म्हणते. "तू ये."

मग मी वैतागून वळसा घालून जातो. वाकतो. आणि दर वेळी हात हँडलखाली जातो, कंबर पुढे येते, आतून आई ओरडते, "उचलू नकोस रे, मेल्या!" दाराच्या वरच्या कडेला आता रंग उरलेलाच नाही.