आधी पाय, मग हात

छप्पन-सत्तावन्नच्या सुमाराची गोष्ट. चिंचवड स्टेशनपासून वीस मिनिटे चालत गेले की शेतांच्या कडेला पत्र्याची एक शेड होती. आत आठ माणसे काम करत. त्यांतला मी एक. मी सातारा जिल्ह्यातल्या गावाहून आलेलो, तीन वर्षे गॅस वेल्डिंगवर होतो आणि तरीही कागदोपत्री मदतनीसच होतो. माझा हुद्दा बदलला असता तर शेडच्या मागची खोली मला मिळाली असती. ती वेल्डरसाठी राखीव होती. तिच्यात दहा बाय बाराची जागा, एक खिडकी आणि बाहेर नळ होता. मी स्वतः पावलांनी मोजली होती.

त्या खोलीवर माझा डोळा असण्याचे कारण घरून आलेले पत्र. बायको आणि दोन मुले गावी आईवडिलांजवळ होती. थोरली मुलगी जूनमध्ये पहिलीत जायची होती. बायकोने दोनच ओळी लिहवून पाठवल्या होत्या: पोरीचे नाव इथल्या शाळेत घालायचे की तिकडच्या, ते मेअखेर कळवा. इथे घातले तर मग इथेच राहू. ती रागावून लिहीत नव्हती. तीन वर्षांत आम्ही सगळे मिळून सत्तेचाळीस दिवस एकत्र राहिलो होतो, आणि हा आकडा तिलाही माहीत होता.

मेच्या पहिल्या आठवड्यात मालकांनी मुंबईहून नवे मशीन आणले. आज त्याला टिग म्हणतात, आम्ही आर्गन म्हणायचो. टॉर्चच्या, म्हणजे हातात धरायच्या नळीच्या, टोकाला टंगस्टनची बारीक कांडी, तिच्याभोवतीने आर्गन वायू सुटतो आणि पायाखालचे पेडल दाबले की कांडी आणि पत्रा यांच्यामध्ये ठिणगी पेटते. मुंबईच्या एका औषध कंपनीला औषधे वाळवायला स्टेनलेस स्टीलचे ट्रे हवे होते. बावीस गेजचा पत्रा, म्हणजे एकावर एक ठेवलेल्या तीन पोस्टकार्डांएवढा जाड. त्याच्या खाली अठरा गेजच्या पट्ट्या आधाराला लावायच्या. सलग जोड नको, कारण पातळ पत्रा उष्णतेने वेडावाकडा होतो. म्हणून ठरावीक अंतरावर नुसते टाके. एका ट्रेला चोवीस टाके.

नमुन्याचे दहा ट्रे करून द्यायचे होते. कंपनीचा माणूस येऊन तपासणार होता.

मालकांनी मला आणि चाचांना बोलावले. चाचा म्हणजे आमचे गॅस वेल्डर, मिरजेकडचे, पन्नाशी ओलांडलेले. ते गावात बिऱ्हाड करून होते, म्हणून मागची खोली रिकामीच होती. सगळी शेड त्यांना चाचाच म्हणायची. मी वेल्डिंग शिकलो ते त्यांच्याच हाताखाली.

मालक म्हणाले, "आठ दिवस देतो. तुमच्यापैकी कोणीही टाका बसवून दाखवा. नाही जमलं तर मुंबईहून शिकलेला वेल्डर आणतो. खोली त्याला द्यावी लागेल."

चाचा म्हणाले, "आठ दिवस कशाला मालक? मी डोळे मिटून बसवतो."

"चाचा, डोळे तर मिटायचेच असतात त्या काळ्या काचेमागं," घासकामावरचा गडी बोलला. तो चिंचवड गावठाणातला, तोंडाने फटकळ. "उघडल्यावर काय दिसतंय ते सांगा."

पहिल्या दिवशी दिसले ते वाईट होते. चाचांनी तीस टाके मारले. अकरा ठिकाणी पत्र्याला भोक पडले. सात टाके चिकटलेच नाहीत. उरलेले बारा चिकटले, पण काळे पडलेले, आणि प्रत्येकाच्या मधोमध सुईच्या टोकाएवढा खड्डा. छिन्नीने पट्टी पिळली की त्या खड्ड्यातून चीर निघायची आणि टाका सुटायचा. मी मारलेले तीसही जवळजवळ तसेच निघाले. माझे भोक पडलेले नऊ होते, एवढाच फरक.

मी एक वही केली. करंट किती, पेडल किती मोजेपर्यंत दाबले, खाली तांब्याची पट्टी होती की नव्हती, टाका कसा आला. मालकांच्या मनगटी घड्याळासमोर बसून चार अंक बरोबर दोन सेकंदांत म्हणायचा सराव केला. तिसऱ्या दिवसापर्यंत दोन गोष्टी सुटल्या. पत्र्याखाली तांब्याची जाड पट्टी ठेवली की जास्तीची उष्णता ती ओढून घेते, भोक पडत नाही. आणि दोन्ही पत्रे एकमेकांना घट्ट दाबून धरले, मध्ये कागद जाईल एवढीही फट ठेवली नाही, तर खालचा पत्रा वरच्याला धरतो. नव्वद ॲम्पियर, चार अंक, खाली तांबे, वर दाब. भोके थांबली. पण काळेपणा आणि तो सुईचा खड्डा काही जाईना.

चाचांचे मत होते की वारा. आर्गन हवेला दूर ठेवतो म्हणून टाका उजळ राहतो. वाऱ्याने तो उडाला की टाका जळतो. हे खरेच होते, म्हणून आम्ही पंखा बंद केला, दार लावले, खिडक्यांना गोणपाट टांगले. मे महिना आणि डोक्यावर पत्रा. घासकामावरचा गडी सदरा काढून बसला आणि म्हणाला, "ह्या ट्रेमधी औषध न्हाई, आमालाच वाळवून पाठवा मुंबईला."

गोणपाट लावूनही चाळीसपैकी एकतीस टाके काळे. वारा पूर्ण पडलेल्या पहाटे येऊन मी पुन्हा वीस मारले. पंधरा काळे. म्हणजे वारा हे कारण नव्हते, निदान एकटा वारा नव्हता. मी चाचांना वही दाखवली. ते म्हणाले, "मला वही नको दाखवू बेटा, पत्रा दाखव." पत्रा उलटसुलट करून पाहिला आणि परत माझ्या हातात दिला.

पाचव्या दिवशी दुपारी मालक आले. त्यांनी आयुष्यात कधी वेल्डिंग केले नव्हते. ते नकाशे काढायचे, गिऱ्हाइके सांभाळायचे. आमची पडलेली तोंडे पाहून त्यांनी कोट खुंटीला लावला आणि म्हणाले, "द्या इकडे, बघू तरी काय त्रास देतंय."

चाचांनी माझ्याकडे पाहून भुवया उंचावल्या. आम्ही त्यांना टॉर्च धरून दिला, काच डोक्यावर बसवली. मी बाजूने अंक मोजले. चारला त्यांनी पाय उचलला. ठिणगी विझली. पण मालक हललेच नाहीत. टॉर्च तसाच पत्र्यावर धरून, खांदे आवळून, बुजगावण्यासारखे उभे.

"झालं का?" त्यांनी काचेआडून विचारले.

"केव्हाच झालं, मालक," गडी म्हणाला. "आता हात खाली घेतला तरी चालंल."

त्यांनी टॉर्च बाजूला केला. खाली टाका होता. गोल, चार आण्याच्या नाण्याहून लहान, आणि रुपेरी. मधोमध खड्डा नाही.

गडी हसला. "मालक, खोली तुमीच घ्या की आता."

मी हसलो नाही. मी त्यांना आणखी पाच टाके मारायला लावले. ते घाबरत, हात घट्ट धरून मारत गेले. पाचांपैकी चार उजळ आले. छिन्नीने पिळले तेव्हा टाका सुटला नाही. त्याच्याभोवतीचा पत्रा फाटला आणि टाक्याची गोल गुंडी पट्टीवर चिकटून राहिली. चांगल्या टाक्याची खूण तीच.

मग मी चाचांना म्हणालो, "तुम्ही एक मारा. मी फक्त हात बघतो."

चाचांनी मारला. चार अंक झाले आणि त्यांचा हात मनगटातून वर, किंचित गोल फिरून उचलला गेला. पाय त्यानंतर सुटला. मी तो झटका हजार वेळा पाहिला होता. गॅसवर तो लागतोच. तिथे ज्योत पायाने विझत नाही, म्हणून धातूचे पाणी झाले की ज्योत झटकन वर घ्यायची, नाहीतर पत्रा जळतो. चाचांचा झटका इतका सफाईदार होता की नवे लोक मुद्दाम बघायला येत. माझ्या पहिल्या वर्षी त्यांनी माझ्या मनगटावर पट्टी मारून मारून तो मला शिकवला होता. आर्गनवर तोच झटका घात करत होता. पाय सुटला तरी टॉर्चमधून वायू काही क्षण सुटत राहतो; हात वर गेला की तोही हाताबरोबर जायचा, आणि तापलेला टाका उघड्या हवेत पडायचा. शिवाय पाय सुटण्याआधी ठिणगी लांबायची आणि जाताना मध्ये खड्डा करून जायची. मालकांना झटका माहीत नव्हता, म्हणून त्यांचा टाका बसला.

हे मला कळले, पण सांगायचे कसे, यात दहा मिनिटे गेली. मग सरळ सांगितले. "चाचा, आपण हात उचलतो, तिथं चुकतंय. आधी पाय सोडायचा. हात तसाच ठेवायचा, टाका निवेपर्यंत. मग उचलायचा."

चाचांनी काच बाजूला ठेवली. "म्हणजे पंचवीस वर्षं जो हात उचलला, तो खोटा?"

"गॅसवर खरा. इथं खोटा."

"आणि हे तू मला शिकवतोस."

"मी नाही. मालकांनी शिकवलं."

मालकांनी लगेच दोन्ही हात वर केले. "मला यात ओढू नका. मी घाबरून उभा होतो."

चाचा उठून गॅसच्या कामाकडे गेले. त्या दिवशी ते पुन्हा मशीनपाशी आले नाहीत. मला वाईट वाटले, पण माझ्याजवळ तीन दिवस होते, आणि वाईट वाटून घ्यायला त्यातले किती द्यायचे हे मी ठरवून टाकले. अजिबात नाही.

समजणे सोपे होते, हाताला समजावणे अवघड. मला माहीत असूनही पहिल्या पन्नास टाक्यांत बावीस वेळा हात आपोआप उचलला गेला. मी लाकडाचा एक ठोकळा घेतला, त्यात कोपर बसेल अशी खोबण केली आणि पट्ट्याने कोपर ठोकळ्याला बांधले. चारला पाय सोडल्यावर पुढे आठपर्यंत मोजायचे, मगच पट्टा ढिला करायचा. प्रत्येक टाक्याला पट्टा बांध, पट्टा सोड. पुढच्या पन्नासांत हात सात वेळा ओढला. त्यापुढच्या पन्नासांत दोनदा. सातव्या दिवशी सकाळी पट्टा काढला आणि शंभर टाके मारले. चार काळे. दुपारी आणखी शंभर. एक काळा.

आठव्या दिवशी नमुन्याचे ट्रे सुरू केले. पहिल्या ट्रेचा सहावा टाका मारताना मागून आवाज आला, "पाच, सहा, सात, आठ. आता उचल." चाचा उभे होते. मी हात उचलला आणि पुढच्या टाक्यावर नेला. दहा ट्रे, दोनशे चाळीस टाके; त्या सहाव्या टाक्यापासून पाय सुटल्यानंतरचे आकडे सगळे त्यांनी मोजले. मला फक्त पायाखालचे चार मोजायचे उरले.

कंपनीचा माणूस दुसऱ्या दिवशी आला. चष्मेवाला, कमी बोलणारा. त्याने स्वतः निवडून दोन ट्रे बाजूला काढले आणि एकेक टाका छिन्नीने उचकटायला सुरुवात केली. अठ्ठेचाळीसपैकी सत्तेचाळीस ठिकाणी पत्रा फाटला आणि गुंडी राहिली. एक टाका मात्र अलगद सुटला, जणू लावलाच नव्हता.

"हा कसा?" त्याने विचारले.

मी वही उघडली. "तिसऱ्या ट्रेचा एकोणिसावा. त्या वेळी आर्गनचं सिलिंडर संपत आलं होतं. काटा खाली होता. मी पुढचा टाका मारण्याआधी बदललं."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं."

"शंका होती. वरून उजळ दिसत होता म्हणून सोडला. सोडायला नको होता."

मालकांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिले की मला वाटले, खोली गेली. त्या माणसाने वही हातात घेतली, दोन पाने उलटली आणि म्हणाला, "आणखी एक ट्रे आणा. मला सांगा यात कुठे शंका आहे."

मी वही न पाहता म्हणालो, "यात नाही."

त्याने चोवीसच्या चोवीस टाके फोडले. वेळ लागला. मी प्रत्येक गुंडी मोजली. चोवीस राहिल्या. त्याने छिन्नी ठेवून हात पुसले आणि मालकांशी दोनशे ट्रेंच्या कामाचे बोलायला आत गेला.

मालक बाहेर आले ते थेट माझ्याकडे. "उद्यापासून सुरुवात. किल्ली संध्याकाळी घेऊन जा."

"उद्या नाही, मालक. मला गावी जायचंय. बायकोमुलांना आणतो."

"एक दिवस देतो."

"इथून पुणे, पुण्याहून सातारा पाच तास, तिथून गाव दोन तास. जायलाच एक दिवस. यायला एक. रात्री बांधाबांध. दोन दिवस लागतात, पावणेदोन नाही."

"आणि मशीन बंद ठेवू?"

चाचा बिड्या ठेवायचा डबा बंद करत म्हणाले, "जाऊ द्या त्याला. दोन दिवस मी बसतो. हात उचलला तर तुम्ही आहातच उस्ताद, पकडून ठेवा."

मालक हसले आणि दोन दिवस दिले.

दुसऱ्या दिवशी दिवस मावळायच्या आत मी सगळ्यांना घेऊन चिंचवडला उतरलो. दोन ट्रंका, एक वळकटी, मुलगा कडेवर. बायकोने खोली पाहिली, नळ उघडून पाहिला आणि विचारले, "शाळा किती लांब?" मी सांगितले, अकरा मिनिटे. ती म्हणाली, "पोरीच्या पावलांनी पंधरा लागतील." मग तिने झाडू मागितला, आणि मी शेडमध्ये गेलो.

चाचांनी दोन दिवसांत नऊ ट्रे केले होते. मी एकेक ट्रे उजेडाला धरून पाहिला. पाच टाके काळे होते. पाचही टाक्यांभोवती खडूने गोल काढून ठेवलेला होता, त्यांच्याच हाताने, आणि पट्ट्याचा ठोकळा त्यांच्या स्टुलाजवळ पडलेला होता.