जिनिंगचा पंप पुन्हा टेबलावर

कापसातली सरकी काढणाऱ्या जिनिंगच्या इंजिनाचा डिझेल पंप तिसऱ्यांदा आमच्या टेबलावर आला तेव्हा जिनिंगचे मालक शेठजी स्वतः सोबत होते. त्यांचं इंजिन चालवणारे रहीमचाचा दाराशीच थांबले. शेठजी बाबांना म्हणाले की एकतर तुमचं वर्कशॉप कुचकामी, नाहीतर हा माणूस. कापसाच्या गाड्या फाटकाबाहेर खोळंबल्या होत्या. इंजिन पुन्हा बंद पडलं तर चाचांची सुट्टी, हे त्यांनी चाचांसमोरच सांगितलं.

बाबांचं खामगावातलं वर्कशॉप लहान. मी नागपूरच्या कॉन्व्हेंटमधून मॅट्रिक होऊन आलेली. पंपाचं मॅन्युअल इंग्रजीत, म्हणून पंप चालवून तपासायचं टेस्ट बेंच माझ्याकडे. गिऱ्हाइकांशी बोलायचं बाबांनी. मला ते बरंच होतं.

इंजेक्शन पंप प्रत्येक सिलिंडरला वेळेवर, मोजकं डिझेल पाठवतो. डिझेल पुढे गेलं की डिलिव्हरी व्हॉल्व्ह नावाची छोटी झडप मागून बंद होते. ती नीट बसली नाही तर इंजिन अडखळतं. मी पंप उघडला. झडपेखाली मागच्या दोन्ही वेळांसारखाच पांढरा तंतू, केसाहून बारीक. आम्ही हे भाग रॉकेलने धुतो. कापडाचा दोरा राहू नये म्हणून पुसतसुद्धा नाही. मग हा आला कुठून?

बेंचवर रीडिंग बरोबर आलं, तरी मला चैन पडेना. पंप बसवायला मीही येते म्हटलं. तिथे धूळ फार असते, असं बाबा पुटपुटले. तोवर मी चपला घातल्या होत्या.

पंप बसला. चाचांनी टाकीवर नरसाळं ठेवलं, ढिगातून मूठभर रुई तोडली, नरसाळ्यात कोंबली आणि वरून डिझेल ओतायला डबा उचलला.

"चाचा, थांबा. रुई कशाला?"

चाचा शेठजींकडे बघायला लागले.

"गाळाले," शेठजी म्हणाले. "मीच सांगतलं त्याले. पिपातल्या डिझेलात कचरा राह्यते. अन् रुई तं आपल्या घरची हाय."

"कचरा रुईचाच आहे, शेठजी." मी इतकं हळू बोलले की पुन्हा सांगावं लागलं. कागदात जपून आणलेला तंतू दाखवला. इंजिनाचं फिल्टर जुनं झालंय, त्यातून असे तंतू पंपात जातात, असंही सांगितलं.

शेठजींनी तंतू उजेडात धरला. "म्हंजे माह्याच सांगण्यानं?"

चाचांनी नरसाळ्यातली रुई उपसली. "मंग आता कशातून गाळू, तेबी सांगून द्या बाई."

बारीक पितळी जाळीतून, मी म्हटलं. टाकी धुतली, फिल्टर बदललं. इंजिन हंगामभर चाललं आणि चाचाही त्याच्याजवळ टिकले. रुईतून डिझेल गाळू नये, हा शोध आपणच लावल्याचं शेठजी पुढे बाजारात सांगत फिरले. बाबा म्हणाले, फिरू दे, गिऱ्हाईक येतंय.

आता कुठलाही पंप उघडण्याआधी मी एक विचारते, डिझेल कशातून गाळता? इंजिन चालवणाऱ्याला विचारते, आणि मालक चहाला गेल्यावर.