बोंबलाचं पानी

कंपनीने राजोडीच्या मासेवाल्या बायकांना फसवलं, आणि कंपनीला त्यांच्या ओट्यावर नेऊन बसवलं मी.

मी संगणकाला मराठी शिकवते. वालीवच्या कारखान्यात खोकी भरता भरता भाषाशास्त्र शिकले. मला कुणी काही फुकट दिलं नाही, मीही कुणाला सोडत नाही. कंपनीला किनाऱ्यावरची बोली हवी होती. पण माइक दिसला की बायका बाईंसमोर धडा म्हणावा तशा बोलायच्या. मग मी रेकॉर्डर चालू असल्याचं सांगून बोंबलांच्या भावावरून भांडायला लागले. तेव्हा कुठे खरी भाषा तोंडाबाहेर पडली.

"येवढ्यात बोंबील नाय, बोंबलाचं पानी भेटंल, बाय!" एक मावशी कडाडली.

संमतीचा अंगठा देताना तिने अट घातली. "पैसं नको. माजं बोलनं माज्या पोरीला आनून दे." कंपनीचे साहेब त्या दिवशी आले होते, रिसॉर्टवर जेवायच्या आधी. "हो, नक्की," म्हणाले. वाट्यावर एक बोंबील जास्त पाडून घेणारी मी, ते कागदावर घ्यायला विसरले.

मावशी गेली. तिच्या वर्षाच्या मिस्सेला, चर्चमधल्या प्रार्थनेला, सगळे जमतील, त्यांना आईचा आवाज ऐकवावा म्हणून तिची मुलगी आली. "ताई, पाच मिनिटं मिळाली तरी चालेल."

मी साहेबांकडे गेले.

"मॅडम, नावं काढून टाकलीत. कुणाचा आवाज कुठला, कसं कळणार?"

"मी ऐकून काढते."

"ते नियमात बसत नाही."

ज्याला बोंबील आणि मांदेली यांतला फरक कळत नाही, तो मला नियम शिकवणार!

आठवड्याभरात गुंतवणूकदार आले. साहेबांनी नमुना म्हणून एक तुकडा वाजवला. बोंबलाचं पानी! सगळे खो खो हसले. साहेब तर असे मान डोलवत होते, जणू बोंबील त्यांनीच विकले.

मी तिथेच उभी राहिले. "ही सापडली कशी?"

"नंतर बोलू, मॅडम."

ते नंतर अजून उगवलेलं नाही. मिस्सा येत्या रविवारी आहे. साहेब, हजारो तुकड्यांतून पाहुण्यांना हसवायला मावशी सापडते, मग तिच्या मुलीला द्यायला का सापडत नाही? उत्तर मला नको. राजोडीला या, त्याच ओट्यावर बसा आणि तिच्या मुलीला द्या.